आम्हाला सूट नको

११ जानेवारी
खोली क्रमांक सतरा, मुलांचं वसतिगृह

तीर्थरूप काका,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. तुमचं पत्र मंगळवारीच हातात पडलं आणि उत्तराला शनिवार उजाडला, राग मानू नका. आमच्या पिढीला पत्र म्हटलं की फक्त अर्ज लिहिता येतो. "महोदय, वरील विषयास अनुसरून" एवढं झरझर उतरतं आणि पुढे माणसाशी बोलायची वेळ आली की पेन अडतं. पण फोन कानाशी नेला की तुमचं ऐकण्याचं यंत्र शिट्टी मारतं, आणि काकू फोनवर बोलण्याऐवजी रडतात, तेव्हा पत्रच बरं हे तुमचं म्हणणं मला पटलं.

इकडे सगळं ठीक आहे. परीक्षा तोंडावर आली आहे. खानावळीतली आमटी अजून तशीच, वाटीचा तळ दिसावा इतकी पातळ. भोंग्याची कॉट मी कुणाला दिलेली नाही. (भोंगा म्हणजे तुमचाच मुलगा. घरी तो धाकटा, इथे भोंगा, कारण तो आंघोळीला गेला की तीन मजल्यांना गाणं ऐकावं लागायचं.) अधीक्षक विचारत होते, दुसरा मुलगा पाठवू का म्हणून. मी म्हटलं, तो परत येणार आहे. त्याची चादर धुऊन घातली आहे, बूट कॉटखाली आहेत, आणि त्याने भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक मी काढलेलं नाही. ते त्याने एक दिवससुद्धा पाळलं नव्हतं, हे तुमच्यामाझ्यात.

तो आता जिना एकट्याने उतरतो हे वाचून फार बरं वाटलं. उजवा हात थरथरतो आणि शब्द शोधत बोलतो, असं तुम्ही लिहिलं आहे. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, तर लागू दे. त्याला म्हणावं, घाई कसली आहे.

तुम्ही पत्रात माझे आभार मानले आहेत. "तू वेळेवर पोचला नसतास तर पोरगं हातचं गेलं असतं," असं लिहिलंत. काका, मी काही विशेष केलं नाही. फोन केला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जवळ बसलो. आमच्या गटात पहिल्याच दिवशी शिकवतात ते.

गट म्हणजे काय, असं काकूंनी विचारलंय. सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या खानावळीत शेवटच्या वर्षाच्या दोघांनी, भरपूर प्यायलेले होते, एका नव्या मुलाचा जबडा खुर्ची घालून मोडला. आम्ही साठ जण ताटल्या हातात धरून बघत उभे होतो. त्यानंतर समुपदेशन करणाऱ्या बाईंनी आम्हा बारा विद्यार्थ्यांना जमवलं. आम्ही खोलीखोलीत जातो, कॉटवर बसतो, दारू, गोळ्या, भांडणं यांवर बोलतो. हाणामारी चालू असताना मधे कसं पडायचं, तापलेल्या माणसाला काहीतरी विचारून बाहेर कसं न्यायचं, कुणी नशेत पडला असेल तर काय करायचं. तीनच गोष्टी असतात. त्याला एका कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, फोन करा. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की पोरं मला सल्लागार म्हणतात. कौतुकाने नव्हे.

आणि आम्ही कॉलेजकडून एक नियम करून घेतला. पूर्वी पोरं घाबरून फोनच करायची नाहीत, कारण फोन केला की दोघांवर कारवाई, पडलेल्यावर आणि बोलावणाऱ्यावरही. आता मदत बोलावणाऱ्याला आणि ज्याच्यासाठी बोलावली त्याला शिक्षा नाही. आठ महिने प्राचार्यांच्या मागे लागलो होतो. ज्या दिवशी तो मंजूर झाला तो दिवस... असो. ते पुन्हा कधीतरी.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचतोय. "हा दार लावून एकटा पीत बसला आणि याचा मित्र त्याच वेळी लोकांचं भलं करत फिरत होता, याची मला लाज वाटते. मी त्याच्याशी बोलणं टाकलं आहे." काका, असं करू नका हो. तो आजारी आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. इथे असताना दर रविवारी तुमच्या शिवणकामाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचा.

२८ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण तुम्हाला गेलंय हे मला कळलं. प्राचार्यांच्या मनात आहे की माझा सत्कार तुमच्या हातून व्हावा. तुमच्या कंबरेचं दुखणं, दोनदा बस बदलायची, त्यात धाकट्याला सोडून येणं. नाही आलात तरी कुणी काही म्हणणार नाही. खरं सांगू का, न आलेलंच बरं.

आणि सत्कारासाठी कोट शिवायला माप विचारू नका. मला कोट नको.

तुमचा,
सल्लागार

* * *

२ फेब्रुवारी
खोली क्रमांक सतरा

तीर्थरूप काका,

नमस्कार. नको म्हटलं तरी कोट आलाच. ऐकून घेणं तुमच्याही रक्तात नाही, म्हणजे भोंगा कुणावर गेलाय ते कळलं. करडा रंग, आतून अस्तर, काकूंनी हाताने केलेली काजं. घालून पाहिला. अंगावर असा बसला की मजल्यावरची चार पोरं बघायला आली. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता आहे, हे माझ्या आईलाही माहीत नाही. तुम्ही वसतिगृहातल्या आमच्या एका फोटोवरून ते ओळखलंत आणि तिथे आतून कापूस भरलात. आरशासमोर दोन्ही खांदे सरळ दिसले तेव्हा मला घाम फुटला. ज्या माणसाला फोटोवरून इतकं दिसतं, त्याच्यासमोर मी अठ्ठावीस तारखेला उभा कसा राहणार, असं मनात आलं.

तुम्ही विचारलंय, त्या दिवशी नेमकं काय झालं ते सविस्तर लिही. बाटली कुठून आली? धाकटा तर पीत नव्हता. तुला काही ठाऊक असेल तर लपवू नकोस.

लिहितो. बावीस नोव्हेंबर, क्रीडादिन. वसतिगृह रिकामं होतं, सगळे मैदानावर. माझ्याकडे धावण्याच्या शर्यतींच्या वेळा नोंदवायचं काम होतं, छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला होता. मुलींची चारशे मीटरची शर्यत संपली, पहिली आलेली मुलगी पडली होती, तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं, तिला पट्टी बांधली. मग माझी पाण्याची बाटली खोलीत राहिली म्हणून मी परत आलो. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. दार नुसतं ओढलेलं होतं. तो कॉटवर उताणा होता, खाली जमिनीवर एक ग्लास होता. मी फोन केला. बाटली कुठून आली ते मला माहीत नाही.

हे मी अधीक्षकांना सांगितलं, प्राचार्यांना सांगितलं, बाईंना सांगितलं, वर्तमानपत्रवाल्याला सांगितलं. आता पाठ झालंय.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगतो. तो झोपेच्या गोळ्या घ्यायचा. दुसऱ्या वर्षाच्या निकालानंतर सुरू झालं. शेवटच्या बाकावरचा एक जण त्या पुरवायचा. रात्री डोळा लागत नाही, सकाळी पुस्तक उघडलं की एक ओळही पुढे सरकत नाही, असं म्हणायचा. मला ठाऊक होतं. बाईंना सांगायला हवं होतं. पण तो म्हणाला, तू काय माझ्यावर अहवाल लिहिणार आहेस का, आणि मी गप्प बसलो. मित्राचा मित्र राहायचं की गटाचा माणूस व्हायचं, यात मी दोन्ही बाजूंनी मार खाल्ला, म्हणजे मार त्यानेच खाल्ला. आपण दुसऱ्यांच्या खोलीत जाऊन धोक्याची चिन्हं ओळखायला शिकवतो आणि आपल्या खोलीत, चार हातांवर. जाऊ द्या.

परवा त्याने मला फोनवर निरोप पाठवला, स्वतःच्या आवाजात बोलून. मी जिन्यात उभा राहून ऐकला. पूर्वी त्याचा निरोप आला की फोन कानापासून लांब धरावा लागायचा. आता अगदी जवळ धरला. एकेक शब्द पुढे ठेवत बोलला. "मला, त्या दिवसाचं, काही आठवत नाही. बाबा विचारतात. मी एकटाच, का रे, प्यायलो?"

मी त्याला लिहून पाठवलं, विसरून जा, बरा हो.

काका, तुम्ही त्याच्याशी बोला. तेवढं करा. बाकी मला काही सुचत नाही. अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढल्याचं लिहिलंत. कळलं.

कोटाबद्दल तुमचे आणि काजांबद्दल काकूंचे आभार.

तुमचा,
सल्लागार

* * *

१९ फेब्रुवारी
खोली क्रमांक सतरा

काका,

या वेळी खुशाली विचारत नाही. तुमचं सोमवारचं पत्र मी उभ्याने वाचलं, मग जमिनीवर बसून वाचलं.

तुम्ही लिहिलंत की दुपारी जेवताना त्याच्या हातातून चमचा सुटला आणि सूप गिऱ्हाइकाच्या कापलेल्या कापडावर सांडलं. तुम्ही म्हणालात, बाटली धरताना बरा थरथरला नाही हात. तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता, शब्द येत नव्हता, आणि तुम्ही त्याच्या तोंडात मारलीत. जन्मात पहिल्यांदा. आणि तो गालाला हात लावून, वेळ घेऊन, म्हणाला, "चुकलं, बाबा." तेव्हापासून काकू तुमच्याशी बोलत नाहीत आणि तो वरच्या खोलीतून खाली येत नाही. शेवटी तुम्ही लिहिलंत, "तुम्ही पोरं मारामारी थांबवायचं काम करता. तुला यातलं कळतं. मला सांग, मी आता काय करू?"

सल्लागाराला सल्ला विचारलात. तीन दिवस मला कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

काका, ती थप्पड तुमची नाही. हात तुमचा असेल, पण त्यामागची गोष्ट मी रचलेली आहे. तो एकटा प्यायला नाही. मी त्याच्या समोर बसलो होतो. बाटली माझी होती. आता सगळं लिहितो आणि मधे थांबणार नाही.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता प्राचार्यांच्या दालनात आमचा नियम मंजूर झाला. शेवटच्या क्षणी प्राचार्य अडले होते. म्हणाले, "म्हणजे उद्या तुमच्या गटातलेच पिणार, एकमेकांसाठी फोन करणार आणि तुम्हीच सुटणार." मला ते लागलं. मी उभा राहून म्हणालो, "आम्हाला सूट नको, सर. गटातल्या कुणी नशा केली तर हा नियम त्याला लागू नाही, सरळ कॉलेजातून काढा. तसं लेखी घाला." बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "अरे, एवढं कशाला?" पण प्राचार्य खूश झाले. कलम तिथल्या तिथे लिहिलं गेलं. सातवं. त्यातला शब्दन् शब्द माझा आहे. बाहेर आल्यावर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी खरोखर दोन इंच वाढलो होतो.

बाटली ऑक्टोबरपासून माझ्या पेटीत होती. आम्ही खोल्यांमधून बोलून निघतो तेव्हा कधीकधी कुणी आपणहून बाटली आणून देतं, आता ठेवायची नाही म्हणून. ती त्यांच्यासमोर बेसिनमध्ये ओतायची, अशी आमची पद्धत. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघांनी मला एक बाटली दिली, भरलेली, झाकणही न उघडलेली. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. मी म्हटलं, खाली जाऊन ओततो. ती खोलीवर आणली आणि कपड्यांखाली सारली. का ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आज आहे. मी अधूनमधून पितो, काका. फार नाही, पण पितो. गटात आल्यानंतरही. दोन वर्षं मी लोकांच्या कॉटवर बसून बोललो आणि त्यातली निम्मी वर्णनं माझीच होती.

तीन वाजता मी मैदानावरून सटकून खोलीवर आलो. भोंगा पुस्तक घेऊन पडला होता. म्हटलं, ऊठ, नियम झाला, साजरा करू. तो नाही म्हणाला. म्हणाला, "मी दुपारी गोळी घेतलीय, नको." हे त्याने स्पष्ट सांगितलं. आणि मी, गोळी आणि दारू एकत्र पोटात गेली की काय होतं याचं चित्र काढून भिंतीवर लावणारा मी, त्याला म्हणालो, "दोन घोटांनी काय होतंय?" तो माझ्यासाठी आनंदात होता. त्याने माझ्या आनंदासाठी घेतली.

पावणेचारच्या आधीच त्याची जीभ जड झाली. मग मान सांभाळेना. मी त्याला कुशीवर वळवला. फोन हातात घेतला, आकडे दाबले, आणि माझ्यासमोर सातवं कलम उभं राहिलं. गटातलं नाव जाणार. कॉलेज जाणार. आई शेजारणींना ज्या मुलाबद्दल सांगते तो मुलगा जाणार. मी फोन खिशात घातला.

मग जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण मला ते क्रमानेच आठवतं. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली. खानावळीमागच्या कचऱ्याच्या पिंपात तळाशी घातली, वर भाजीची सालं ओढली. परत आलो, खोलीत न जाता नळावर गेलो. दोन ग्लास होते, ते सोबत नेले होते. दोन्ही धुतले. दात घासले. वास घेऊन पाहिला, पुन्हा घासले. मग लक्षात आलं की ग्लासच नसेल तर डॉक्टर विचारतील हा प्यायला कशातून. म्हणून एक ग्लास परत नेऊन त्याच्या कॉटखाली ठेवायचा असं ठरवलं. तुमचा मुलगा एकटा प्यायला, हे मी त्या नळापाशी ठरवलं, काका, दात घासता घासता.

आत गेलो तेव्हा तो उताणा झाला होता आणि उलटी तोंडातच होती. ओठ निळे पडले होते. मी त्याला वळवलं, तोंड मोकळं केलं, ओरडलो, फोन केला. तेव्हा चार वीस झाले होते. ती एक वेळ मी खरी सांगितली. तिच्या आधीची पस्तीस मिनिटं मी कुणालाच दिली नाहीत. रुग्णालयात तुम्ही यायच्या आधी एक डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, "बराच वेळ श्वास कोंडलेला दिसतो. कुणी जवळ नव्हतं का?" मी म्हटलं, मी आत्ताच आलो. माझ्या छातीला बिल्ला होता. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याचा हात आणि त्याची जीभ त्या पस्तीस मिनिटांत गेली. तुम्ही मला देव मानून कोट शिवलात. तो मी आज सकाळी पार्सलने परत पाठवला आहे. घडी मोडली असेल तर माफ करा, मला तशी घालता आली नाही.

आज दुपारी बाईंना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "कलम घालताना मी तुला थांबवायला हवं होतं. पण ग्लास तू धुतलास, ते माझ्यावर नाही घेता येणार मला." मी म्हटलं, घेऊ नका. त्या म्हणाल्या, "आधी त्याच्या घरी कळव. मग उद्या दहाला ये, प्राचार्यांकडे दोघं जाऊ." सत्कार होणार नाही. तुम्ही तिकीट रद्द करा. मला काढून टाकतील आणि ते बरोबरच आहे, त्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही असं मी ठरवलंय. नियम राहावा, एवढं वाटतं. बाई म्हणाल्या, नियम राहील, सातवं कलम मात्र त्या काढायला लावतील, कारण बिल्लेवाल्यालाही भीती वाटते आणि त्याच्या भीतीनेही माणूस मरतो. हे मी मांडलं असतं तर मला शोभलं नसतं. त्यांनी मांडावं.

हे सगळं मी आत्ता का लिहितोय, तुमचं पत्र आलं नसतं तर लिहिलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर चांगलं नाही. मी कदाचित कोट घालून व्यासपीठावर गेलो असतो. तुमच्या हातून फुलं घेतली असती. नंतर जन्मभर चांगलं वागून ते फेडलं अशी समजूत करून घेतली असती. त्याच्या गालावर तुमचा हात पडला म्हणून मी बोलतोय, नाहीतर नसतो बोललो. हेही तुम्हाला माहीत असावं.

तुम्ही विचारलंत, मी काय करू. हा सल्ला नाही, विनंती आहे. हे पत्र घेऊन वर जा. काकूंनाही घ्या. त्याला वाचून दाखवा, किंवा त्याच्या हातात द्या, तो सावकाश वाचेल. दोन महिने तो स्वतःलाच विचारतोय की मी एकटा का प्यायलो. त्याला आधी एवढं सांगा की तू एकटा नव्हतास, तू नाही म्हणाला होतास. त्याने तुमची माफी मागितली आहे आणि ती मागायला त्याच्याकडे काही कारणच नव्हतं. बाकी तुम्हा बापलेकांत मी पडत नाही.

मला उत्तर लिहू नका. लिहावंसं वाटलं, शिव्या द्याव्याशा वाटल्या, तर आईच्या पत्त्यावर लिहा. परवापासून मी तिथे असेन. पोलिसांत जायचं असेल तर जा, मी हेच तिथेही सांगेन.

अजून एक राहिलं. हे बाईंनाही सांगितलेलं नाही. सकाळपासून त्याच्याभोवती फिरतोय, जीभ रेटत नाही.

मी त्याला कुशीवर वळवला आणि फोन खिशात घातला तेव्हा तो पूर्ण बेशुद्ध नव्हता. माझं सगळं बोलणं तो दोन वर्षं आपल्या कॉटवरून ऐकत आला होता, तोंडपाठ होतं त्याला. त्याने डोळे उघडले, माझी बाही धरली आणि म्हणाला, "फोन कर ना. तूच सांगतोस ना सगळ्यांना. कर फोन."

मी म्हणालो, "थांब, पाच मिनिटं."

आणि तो "बरं" म्हणाला.

त्याच्या समोर बसून प्यायलेला,
खोली क्रमांक सतरामधला दुसरा